स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवरातल्या राक्षसाचा १९३४ चा तो प्रसिद्ध फोटो खरा आहे का?

नाही, तो बनावट आहे. एप्रिल १९३४ मध्ये 'डेली मेल' या ब्रिटिश वर्तमानपत्राने डॉ. रॉबर्ट केनेथ विल्सन यांनी काढलेला म्हणून छापलेल्या फोटोतला तो लांब मानेचा 'प्राणी' म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान. ती बनवणाऱ्या ख्रिश्चन स्पर्लिंगने म्हातारपणी हे कबूल केलं. खरी गोम कापाकापीत आहे: छापताना फोटोच्या कडा उडवल्या होत्या. मूळ चौकटीत आजूबाजूच्या लाटा इतक्या बारीक दिसतात, की अजस्र वाटणारी मान एकदम चिमुकली होते. अर्थात यावरून बाकीचे सगळे फोटोही लबाडीचेच, असं म्हणता येत नाही. पुष्कळदा ओंडका, पक्षी किंवा बोटीमागची लाट असते आणि फोटो काढणारा बिचारा प्रामाणिक असतो. २०१८ साली तिथल्या पाण्यातला डीएनए तपासला, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता, ईल माशांचा भरपूर सापडला.