बिवळा तुमचा, पण ओंडका कोणाचा?

संगमेश्वर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे: सामाईक वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीतली ऐन आणि किंजळ ही झाडे ठेकेदाराला विकली. परवानगी तोच काढणार होता, त्यासाठी दोन कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या. त्याने परवानगीत नसलेले तीन बिवळेही पाडले. नाक्यावर ट्रक पकडला गेला. आता ठेकेदार फोन उचलत नाही आणि 'माल सरकारजमा का करू नये' अशी नोटीस मला आली आहे. झाड माझ्या जमिनीतले, मग गुन्हा माझा कसा?

झाड तुमचेच, यात वाद नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतील झाडांचा हक्क खातेदाराचा. पण ते तोडायला 1964 च्या झाडे तोडणे (नियमन) अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बिवळा म्हणजे बीजा त्याच्या अनुसूचीत आहे, ऐन-किंजळही आहेत. आणि लाकूड रस्त्याला लागले की भारतीय वन अधिनियम, 1927 लागू होतो. त्यात इमारती लाकूड जंगलातले असो की परसातले, 'वनोपज'च ठरते. शिवाय कलम 69 म्हणते, माल सरकारचा की खासगी असा प्रश्न निघाला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. म्हणजे सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर.

म्हणून नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत सातबारा, आठ-अ आणि मोजणीचा नकाशा जोडा. तुमच्या बांधाला वनखात्याची हद्द लागून असेल, तर नकाशावाचून तुमचे म्हणणे टिकणार नाही. मग तिन्ही बुंधे तुमच्या हिश्शात असल्याचा पंचनामा तुमच्यासमोर करण्याची मागणी करा. बिवळ्याचा बुंधा ओळखायला सोपा: सालीला घाव बसला की रक्तासारखा लाल चीक येतो आणि वाळून काळपट होतो. त्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का आहे का, बुंध्याचा घेर किती, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे.

तुमची खरी कमकुवत बाजू त्या कोऱ्या सह्या आहेत. त्या लपवू नका. परवानगीतली झाडांची यादी, ठेकेदाराचे मेसेज आणि पैसे आल्याची बँक नोंद घेऊन त्याच्याविरुद्ध आजच लेखी तक्रार द्या. सुनावणी झाल्यावर केलेल्या तक्रारीला पश्चातबुद्धीच म्हणतात. मात्र बिवळ्याचेही पैसे तुम्ही घेतले असतील, तर 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर लिहूच नका. ट्रक ठेकेदाराचा असेल तर त्याची काळजी तुम्ही करू नका. वाहन आपल्या नकळत वापरले गेले हे वाहनमालकाने सिद्ध करायचे असते. आदेश विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस मिळतात.

तुम्ही लिहिता की आणखी काही बिवळे उभे आहेत आणि 'नंतर कटकट नको म्हणून' तेही विकून टाकायचे आहेत. माझे मत: थांबा. टिकाऊ लाकडासाठी आणि मधुमेहींना विकल्या जाणाऱ्या पेल्यांसाठी जाड बिवळे वेचून तोडले गेले. चपट्या पंखाच्या शेंगेतले बी सहज रुजत नाही, त्यामुळे तुटलेल्याची जागा भरायला फार वर्षे लागतात. पूर्ण वाढलेले, वठलेले किंवा वाऱ्याने पडलेले झाड दाखवून परवानगी मागता येते. सरसकट रान साफ करायला ती मागू नका. दोन-चार जोमदार बिवळे बियाण्यासाठी राखा.

पुढचा सौदा करताना अर्ज स्वतःच्या नावाने करा आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. करारात प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि रंगाने टाकलेला नंबर लिहा. वाहतूक पास हातात आल्याशिवाय एकही ओंडका गाडीत चढवू देऊ नका. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त खासगी वनाची नोंद आढळली तर मात्र अर्जाआधी ते प्रकरण वकिलाला दाखवा. 1975 च्या कायद्याने खासगी वने सरकारकडे गेली; त्यासाठी आधार धरलेली 1927 च्या वन अधिनियमाच्या कलम 35(3) खालची नोटीस नुसती काढलेली असणे आणि ती मालकावर बजावलेली असणे यात फरक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोदरेज अँड बॉईस प्रकरणात म्हटले आहे.