दोन तारे की साडेआठ गुण?

वृत्तपत्रांतील समीक्षकांनी दोन तारे दिलेल्या चित्रपटाला आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांकडून दहापैकी साडेआठ गुण कसे मिळतात आणि तिकीट काढताना कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते हे दोन आकडे एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

आमच्या गावच्या देवळातील उत्सवी नाटकात मी पूर्वी काम करीत असे. एका वर्षी जत्रेच्या रात्री आमच्या नाटकाला शिट्ट्या आणि वन्स मोअर मिळाला, म्हणून तेच नाटक आम्ही मोठ्या उत्साहाने एका स्पर्धेत नेले. तिथे परीक्षकांनी लिहिले की पात्रे एकमेकांशी न बोलता प्रेक्षकांशी बोलतात. तो दोष खरा होता, आणि गावाला नेमके तेच आवडले होते, कारण रंगमंचावर त्यांच्याच वाड्यावरची माणसे होती.

चित्रपटाचेही असेच होते. पदरचे पैसे खर्चून, आवडत्या नटासाठी आलेला प्रेक्षक आधीच अर्धा राजी असतो. समीक्षकाला मात्र नेमून दिलेला प्रत्येक चित्रपट पाहावाच लागतो, त्यामुळे दुसऱ्याला नवे वाटणारे वळण त्याला शिळे वाटते. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत होऊ लागल्यावर हे मी स्वतःवरच अनुभवले आहे. दिवसाला चार चित्रपट पाहिले की पाचव्या दिवशी सरळसाध्या कथेवर मीही उगाच वैतागतो. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्याच दिवशी चित्रपटगृहात आलेल्या प्रेक्षकांना श्रेणी विचारते. एवढ्या उत्सुकतेने आलेली माणसे सहसा हात सैल सोडूनच श्रेणी देतात.

आकडे तयार करण्याची रीतही वेगवेगळी आहे. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरील समीक्षकांचा टक्का ही गुणांची सरासरी नसून अनुकूल समीक्षांचे प्रमाण आहे. १०० पैकी ९० समीक्षकांनी ‘बरा आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ एवढेच म्हटले तरी ९० टक्के दिसतात. उलट ६० जणांना चित्रपट अप्रतिम वाटला आणि ४० जणांना मुळीच रुचला नाही, तर टक्के ६०च. मी यातला दुसरा चित्रपट आधी पाहीन. मेटाक्रिटिक हे तसेच दुसरे संकेतस्थळ मात्र समीक्षांना गुण लावून भारित सरासरी, म्हणजे काही समीक्षकांच्या मताला अधिक वजन देऊन सरासरी, काढते.

प्रेक्षकांच्या गुणांत वेगळीच गफलत होऊ शकते. चित्रपट न पाहताच, केवळ नटावरच्या किंवा विषयावरच्या रागापायी, मते नोंदवली जातात. याच कारणाने रॉटन टोमॅटोजने २०१९ मध्ये प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि पुढे तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. आयएमडीबीवर एकूण गुणांवर टिचकी मारली की १ ते १० पैकी कोणत्या गुणाला किती मते पडली ते दिसते. सगळी गर्दी १० आणि १ वर असेल आणि मधल्या घरांत फारसे कोणी नसेल, तर ते मूल्यमापन नव्हे, भांडण समजावे.

तेव्हा तुमच्या चित्रपटासाठी आधी ही मते पाहा आणि मग त्या दोन ताऱ्यांमागची समीक्षा पूर्ण वाचा. तक्रार गाण्यांच्या भरण्याची असेल आणि तुम्हाला गाणी आवडत असतील, तर खुशाल तिकीट काढा. उत्तरार्धात कथाच हरवते असे तीन-चार समीक्षकांनी स्वतंत्रपणे लिहिले असेल, तर मी थांबेन.