वाचकांचे प्रश्न: जुन्या खेळाडूने गोल्फचा प्रशिक्षक कसा निवडावा?

प्रश्न: मी मूळचा धुळ्याचा. नोकरीनिमित्त डेहराडून आणि बंगळुरू येथे बदल्या होत राहिल्या आणि तेथील सहकाऱ्यांच्या नादाने गोल्फ खेळू लागलो. त्याला आता वीस वर्षे होतील. रीतसर शिक्षण कधी घेतले नाही, कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) आणि मित्र जे सांगतील ते करीत गेलो. आज वय ६१, हँडिकॅप (चांगल्या फेरीत पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) १५ च्या आसपास, आणि पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या, कोर्सवर साधारण ८८ ते ९२ फटके लागतात. निवृत्तीनंतर धुळ्याला स्थायिक झालो असून महिन्यातून दोनदा नाशिकला खेळायला जातो. ड्रायव्हरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्याच्या क्लबचा, चेंडू उजवीकडे वळतो, हे जुनेच दुखणे आहे. ते घालवण्यासाठी मागच्या वर्षी एका प्रशिक्षकाकडे गेलो, तर त्यांनी पहिल्याच तासात ग्रिप (पकड), उभे राहण्याची पद्धत आणि बॅकस्विंग असे तिन्ही बदलून टाकले. त्यानंतर कित्येक महिने शंभरच्या आत येणे मुश्किल झाले. आता पुन्हा शिकायचे म्हणतो. समोर तीन नावे आहेत: व्यावसायिक स्पर्धा खेळलेले एक नामवंत खेळाडू, रडारचे यंत्र वापरणारा एक तरुण प्रशिक्षक, आणि कोर्सवरच आयुष्य घालवलेले एक वयस्कर प्रशिक्षक. निवड कशी करावी?
— एक वाचक, धुळे

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती म्हणजे आपण नाशिकपासून दीडशे किलोमीटरवर राहता आणि महिन्यातून दोनदाच कोर्सवर पाय ठेवता. रोज रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाणाऱ्या माणसाला जो प्रशिक्षक मानवेल तो आपल्याला मानवेलच असे नाही, कारण त्याच्या समोर घालवलेल्या एका तासानंतर पुढचे तीन-चार आठवडे आपण एकटेच असणार आहात. म्हणून प्रशिक्षकाची कीर्ती किंवा यंत्रे पाहण्याआधी एवढे पाहावे, की तो जे सांगतो ते धुळ्याला घरी, त्याच्या गैरहजेरीत, आपल्याला पडताळून पाहता येते का. ही कसोटी लावली की तीनपैकी एखादे नाव बहुधा आपोआप गळते.

कोणालाही भेटण्यापूर्वी आपल्या पुढच्या पाच-सहा फेऱ्यांची नोंद ठेवा. नुसते स्कोअरकार्ड पुरेसे नाही. प्रत्येक होलवर टी-शॉट (पहिला फटका) फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, राहिला की नाही, दंडाचे फटके किती पडले, ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) ठरलेल्या फटक्यांत पोहोचलात का, आणि तेथे पट, म्हणजे चेंडू घरंगळवणारे फटके, किती लागले, हे लिहून काढा. आपण ड्रायव्हरच्या वळणाबद्दल लिहिले आहे, पण ९० फटक्यांपैकी ड्रायव्हर फार तर चौदा वेळा हातात येतो. खरी गळती १५० यार्डांवरून मारलेल्या आयर्नमध्येही (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबमध्येही) असू शकते. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या प्रचंड नोंदी तपासून असे दाखवले आहे, की चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांहून लांबच्या फटक्यांतून येतो. पटिंगवरच सगळे अवलंबून असते, हे आपल्याकडच्या क्लबांमधले आवडते मत त्यामुळे बरेच लंगडे पडते. मात्र हा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. आपला हिशेब आपल्याच वहीतून निघेल. ती वही पहिल्या भेटीत प्रशिक्षकाच्या हाती द्या आणि तो ती उघडून पाहतो की बाजूला ठेवून थेट चेंडू मारायला सांगतो, इकडे लक्ष ठेवा. आपल्या भागातला जाणता कापूस उत्पादक माती परीक्षण न करता खताच्या गोण्या टाकत नाही, आणि मागच्या वर्षी आपल्या स्विंगवर नेमके तेच झाले असे दिसते.

दुसरी परीक्षा ज्ञानाची. आपला चेंडू उजवीकडे का वळतो, हा साधा प्रश्न त्याला विचारा. पूर्वी असे शिकवले जाई, की क्लब (खेळण्याची काठी) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला चेंडू निघतो आणि क्लबच्या तोंडामुळे तो नंतर वळतो. या शतकाच्या सुरुवातीला डॉप्लर रडारची यंत्रे आली आणि हे समीकरण उलटे असल्याचे मोजून सिद्ध झाले. चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः टक्कर होतानाच्या क्लबफेसच्या (क्लबच्या तोंडाच्या) रोखावर ठरते. आयर्नच्या बाबतीत सुमारे तीन चतुर्थांश आणि ड्रायव्हरच्या बाबतीत त्याहून जास्त. तो किती वळेल हे क्लबचा मार्ग आणि त्याच्या तोंडाचा रोख यांच्यातील फरकावर ठरते. जो प्रशिक्षक आजही जुनेच समीकरण सांगतो त्याच्या हातून काही खेळाडू सुधारतात हे खरे, पण ज्याचा दोष वेगळा आहे त्याला तो चुकीचे औषध देईल.

याहून चांगला प्रशिक्षक आणखी एक गोष्ट आधी तपासेल, ती म्हणजे चेंडू क्लबफेसवर नेमका कोठे लागतो. ड्रायव्हरचे वजन तोंडाच्या बरेच मागे असते, म्हणून चेंडू मधोमध न लागल्यास क्लबचे डोके किंचित फिरते आणि चेंडूला आडवी फिरकी देते. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू टाचेकडच्या बाजूला, म्हणजे दांड्याच्या जवळ लागला, तर तोंड आणि मार्ग दोन्ही ठीक असूनही तो उजवीकडे वळू शकतो. हे आपण आजच पाहू शकता. ड्रायव्हरच्या तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, एक चेंडू मारा आणि उमटलेला ठसा बघा. तोंड पुसून पुन्हा पावडर लावा आणि असे दहा चेंडू मारा. ठसे दांड्याकडे गोळा होत असतील, तर ग्रिप बदलण्याची गरजच नसेल. कदाचित चेंडूपासून थोडे दूर उभे राहणे किंवा तोल पंजांवर जाऊ न देणे एवढ्यानेही भागेल. असा ठसा पाहायला मागणारा प्रशिक्षक मिळाला, तर त्याचे वय, नाव आणि शुल्क यांचा विचार मी नंतर करीन.

आता तीन नावांकडे वळू. स्पर्धा खेळलेला माणूस चांगला शिक्षक असेलच, असे मानण्याचे काही कारण नाही. तो लहानपणापासून ज्या गोष्टी शरीराने करतो त्या शब्दांत मांडणे त्याला अनेकदा जड जाते, आणि साठीच्या शरीराकडून तो नकळत पंचविशीच्या फिरकीची अपेक्षा ठेवतो. भारतात प्रशिक्षकांच्या शिक्षणाची व प्रमाणपत्रांची व्यवस्था नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया पाहते. आपल्या प्रशिक्षकाने तो अभ्यासक्रम केला आहे का आणि कोणत्या श्रेणीपर्यंत, हे विचारण्यात संकोच नको. प्रमाणपत्र म्हणजे किमान पायरी; त्यावरून शिकवण्याची हातोटी कळत नाही, पण पाया तपासलेला आहे एवढे कळते.

रडारच्या यंत्राबद्दल माझे मत बरे आहे, पण अटीसह. यंत्र क्लबचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन, फिरकी आणि मार्ग अचूक सांगते. काय बदलावे हे ते सांगत नाही. शिवाय रेंजवरच्या जुन्या, झिजलेल्या चेंडूंवर आलेली अंतरे आपल्या नेहमीच्या चेंडूला लागू होत नाहीत. प्रत्येक चेंडूनंतर पडद्यावरचे वीस आकडे वाचून दाखवणाऱ्या तरुणापेक्षा दोनच आकडे निवडून बाकीचे झाकून ठेवणारा तरुण अधिक शिकलेला असतो. वर्षातून एक-दोन वेळा अशी मोजणी करून घेणे उत्तम. दर वेळी त्याची गरज नाही, आणि धुळ्याला ते यंत्र आपल्याजवळ असणारही नाही.

मी आपल्या जागी असतो तर सुरुवात त्या वयस्कर प्रशिक्षकांपासून केली असती. अर्थात चेंडूच्या दिशेबद्दलच्या प्रश्नाचे त्यांनी नीट उत्तर दिले तरच. ते कोर्सवर असतात, म्हणून त्यांच्याकडून नऊ होल सोबत खेळण्याचा तास मागता येतो, आणि आपल्यासारख्या खेळाडूला त्याचा जितका उपयोग होतो तितका रेंजवरच्या कोणत्याही तासाचा होत नाही. पाण्यासमोर आपण कोणता क्लब उचलतो, झाडाखालून हिरोगिरी करतो की गुपचूप फेअरवेवर परत येतो, उतारावर उभे राहताना खांदे कसे ठेवतो, हे सपाट चटईवर कधीच दिसत नाही. हँडिकॅप १५ च्या खेळाडूचे दोन-तीन फटके नुसत्या निर्णयांत वाचू शकतात आणि त्यासाठी स्विंगला हात लावावा लागत नाही.

पहिल्या भेटीत प्रशिक्षकाने आपल्याला काही विचारायला हवे, हेही तितकेच महत्त्वाचे. कंबर, गुडघे, खांदे यांची जुनी दुखणी, आठवड्यात सरावाला मिळणारा वेळ, आणि वर्षभरात आपल्याला काय साधायचे आहे, हे न विचारता जो शिकवू लागतो त्याने आपला स्विंग पाहिला आहे, आपल्याला नाही. त्याने आपल्यातील काय बदलायचे नाही हेही सांगितले पाहिजे. वीस वर्षे खेळून ९० च्या आसपास येणाऱ्या माणसाच्या स्विंगमध्ये बरेच काही टिकाऊ असते. इंग्लंडचे खेळाडू निक फाल्डो यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे आपला स्विंग जवळपास नव्याने बांधला आणि १९८७ मध्ये स्कॉटलंडमधील म्युअरफिल्डला शेवटच्या फेरीत अठराही होल नेमक्या पारइतक्या फटक्यांत पूर्ण करून ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली, ही कथा अनेक प्रशिक्षक रंगवून सांगतात. ते सांगताना मधली दोन वर्षे आणि रोजचे शेकडो चेंडू मात्र गाळले जातात. आपल्यासाठी अमेरिकेचे दिग्गज खेळाडू जॅक निकलॉस यांचा प्रघात जास्त उपयोगी आहे. जगज्जेते झाल्यावरही ते प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आपले बालपणीचे शिक्षक जॅक ग्राउट यांच्याकडे जाऊन ग्रिप आणि उभे राहणे यांसारख्या मूळ गोष्टी पहिल्यापासून तपासून घेत.

व्यवहाराचे थोडे. दहा तासांचे पैसे एकरकमी भरू नका; तीन तास ठरवा, प्रत्येक भेटीत पाच-सहा आठवड्यांचे अंतर ठेवा आणि एका भेटीत एकच बदल स्वीकारा. तासाच्या शेवटी प्रशिक्षकाला तो बदल एका वाक्यात आणि एका सरावात बांधून द्यायला सांगा आणि ते त्याच्यासमोर वहीत लिहा. जो स्वतःच क्लब विकतो आणि पहिल्या तासातच नवा ड्रायव्हर सुचवतो, त्याच्याकडून दुसरा तास घेऊ नका. प्रगती हँडिकॅपवर मोजण्याची घाई करू नका. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीसपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्यांची सरासरी धरतात, त्यामुळे महिन्याला दोन फेऱ्या खेळणाऱ्याच्या आकड्यात फरक दिसायला कित्येक महिने जातात. तोपर्यंत पावडरचे ठसे आणि दंडाचे फटके मोजा. आणि चैत्र-वैशाखात नाशिकला जायचे झाले, तर पहाटेच धुळे सोडून सकाळचा पहिला तास मागा. उन्हाने दमलेल्या शरीराला शिकवलेले टिकत नाही.

प्रश्न: मी जळगावला राहते, हँडिकॅप २४ आहे. मुलीकडे पुण्याला गेले की खेळते, एरवी गच्चीवर जाळी लावून सराव करते. मोबाइलवर व्हिडिओ पाठवून शिकवणारे प्रशिक्षक विश्वासार्ह असतात का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: असतात, पण पहिली भेट समोरासमोर व्हावी. पुण्याच्या पुढच्या मुक्कामात एखाद्या प्रशिक्षकाला दोन तास द्या आणि नंतर त्याच्याशीच व्हिडिओवर संपर्क ठेवा, म्हणजे आपला चेंडू प्रत्यक्षात कसा उडतो हे त्याने पाहिलेले असेल. जाळीत चेंडू दोन-तीन मीटरवर थांबतो, त्यामुळे तो सरळ गेला असता की वळला असता हे कोणालाच कळत नाही. चटईही फसवते: क्लब चेंडूच्या आधी जमिनीवर आदळला तरी घसरत पुढे जातो आणि फटका चांगला लागल्यासारखा वाटतो, जो खऱ्या गवतावर निम्म्या अंतरावर पडला असता. चटईवर चेंडूच्या मागे चार बोटांवर एक घडी घातलेला रुमाल ठेवा. त्याला धक्का न लावता चेंडू मारता आला पाहिजे.

चित्रण करताना मोबाइल हातात धरून कोणी घेऊ नये, तो तिकाटण्यावर आपल्या हातांच्या उंचीवर ठेवावा. एक चित्रण समोरून आणि एक मागून, लक्ष्याच्या रेषेला समांतर. कॅमेरा थोडा डावी-उजवीकडे सरकला, तरी क्लबचा मार्ग प्रत्यक्षापेक्षा वेगळा दिसतो आणि प्रशिक्षक नसलेला दोष दुरुस्त करू लागतो. म्हणून गच्चीवर मोबाइल आणि पाय यांच्या जागा खडूने आखून घ्या. नेहमी संथगतीत चित्रण करा, पण चांगला लागलेला फटका तेवढा निवडून पाठवू नका, ओळीने पाच पाठवा. पैसे भरण्याआधी त्या प्रशिक्षकाचा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला दिलेला अभिप्राय, त्या विद्यार्थ्याच्या संमतीने, पाहायला मागा. त्यात पडद्यावर नुसत्या रेघोट्या असतील तर सोडून द्या; पुढच्या आठवड्यात करायचा एखादा सराव आणि तो जमला की नाही हे ओळखण्याची खूण सांगितली असेल, तर त्याच्याकडे शिकायला हरकत नाही.