निरोप नेमका कोणाच्या फोनवर जातो?

प्रश्न : मी शिंदखेडा तालुक्यात कृषी सखी म्हणून काम करते. खरिपाच्या तोंडावर मी कापूस पिकवणाऱ्या ११० महिलांचा व्हॉट्सॲप गट तयार केला. खते, फवारणी, हवामान यांची माहिती मी रोज पाठवते. पण एकीचेही उत्तर येत नाही, आणि जे चार-दोन ‘ओके’ येतात ते घरातल्या पुरुषांचे असतात. महिलांना यात रस नाही असे समजावे का?

उत्तर : ताई, तसे कृपया समजू नका. आधी आपल्या यादीतले दहा क्रमांक घ्या आणि तो फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो, ते घरोघरी जाऊन पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील सुमारे १४ टक्के वहिती (म्हणजे कसल्या जाणाऱ्या जमिनीची) खातीच महिलांच्या नावे आढळली होती. सातबारा पुरुषाचा, म्हणून नोंदणीतला मोबाइलही त्याचाच, आणि आपण तोच क्रमांक उचलून गटात घातलेला असतो. निंदणी आणि वेचणी जिच्या हातून होते, तिच्यापर्यंत आपला निरोप अशा वेळी पोहोचतच नाही. घरात तिच्या हाती असणाऱ्या वेगळ्या क्रमांकाची, मग तो साध्या फोनचा का असेना, यादी करणे हे पहिले काम आहे. साध्या फोनवर गट चालत नाही, पण पाच-सहा जणींना एकत्र जोडून बोलता येते.

दुसरी गोष्ट भाषेची. लांबलचक छापील मजकूर वाचण्याइतकी सवड आणि सवय अनेकींना नसते. आपल्याच आवाजात, अहिराणीत, एका मिनिटाच्या आत संपणारा निरोप पाठवा, आणि तो सकाळी नव्हे तर भाकरी-कालवण आटोपल्यावर, साडेआठच्या सुमारास पाठवा. त्यात एकच गोष्ट सांगा आणि एकच प्रश्न विचारा : ‘कपाशीमा डोमकयी दिसी ऱ्हायनी का?’ (कपाशीत डोमकळी, म्हणजे बोंडअळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल, दिसते आहे का?) सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर काम असेल, तर हाच निरोप पावरी किंवा भिली बोलणाऱ्या एखाद्या सखीच्या आवाजात हवा.

डोमकळीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. धुळे तालुक्यातल्या एका बैठकीत एका वयस्कर मावशींनी पदराच्या गाठीतून गुलाबासारखे मिटलेले कपाशीचे फूल काढून माझ्या हातावर ठेवले. पाकळ्या उलगडल्या तर आत गुलाबी बोंडअळी होती. त्या म्हणाल्या, ‘आठ दिवसांपासून दिसते आहे, पण विचारलं कोणी?’ त्यांच्या घरच्या फोनवर त्या आठवड्यात सल्ल्याचे निरोप येतच होते. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री बोंडअळीचे सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाययोजनेची वेळ आली, हे त्या निरोपांत बरोबर लिहिलेले होते. मात्र सापळे रोज मोजणाऱ्या बाईने तो आकडा कोणाला कळवायचा, याचा उल्लेख कुठेच नव्हता. आपण माहिती पाठवत राहतो आणि शेतातली माहिती परत घेण्याची वाट ठेवत नाही, ही मला या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक वाटते. तिने फुलाचा फोटो पाठवला किंवा नुसता ‘सात’ असा आकडा बोलून पाठवला, तर त्याच दिवशी, तिचे नाव घेऊन उत्तर द्या. उत्तर मिळते हे एकीने अनुभवले की शेजारीण विचारू लागते.

गटात सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना दिसतात, हेही ध्यानात घ्या. अनोळखी माणसाचा एखादा फोन आला, की घरातून बाईचा फोन बंद होतो. ही भीती खरी आहे आणि ती हलकी मानू नये. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जणी बसतात, एकीचा क्रमांक दुसरीला दिसत नाही आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येते. मात्र तुमचा क्रमांक तिच्या फोनमध्ये जतन केलेला असेल, तरच हा निरोप तिला मिळतो. म्हणून घरी जाल तेव्हा तिच्याच हाताने तो जतन करवून घ्या आणि तिथेच बसून एक आवाजी निरोप पाठवायला लावा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज परत ऐकताना बायका संकोचतात, हसतात. त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवा.

तुम्हाला उत्तर ठाऊक नसेल, तर अंदाजाने औषध सुचवू नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो तिच्या फोनमध्ये तुमच्या क्रमांकाच्या शेजारीच जतन करून द्या.

महिन्यातून एकदा बचत गटाच्या बैठकीत बसून, कोणाचा आवाज गेल्या चार आठवड्यांत आलाच नाही, ते यादीवर तपासा. पुढची भेट त्या घरांपासून सुरू करा.