नदीतल्या माशांना आणि शिंपल्यांना सीओआय बारकोड पुरेल का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नदीतले मासे, गोगलगायी आणि शिंपले गोळा करून सगळ्यांचा सीओआय बारकोड (जात ओळखायला वाचतात तो सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा) काढला तर भागेल का.

जात ओळखण्यापुरतं बहुतेक वेळा भागतं. साधारण ६५० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा वाचायचा आणि डेटाबेसशी ताडायचा. पण हा जनुक मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, माशांमध्ये तो आईकडून येतो. संकर असेल तर बापाचा पत्ता त्यातून लागत नाही. तिथे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएतल्या खुणा हव्यात: मायक्रोसॅटेलाइट (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (एकेका बेसचे फरक). बंधाऱ्याच्या वरचे आणि खालचे मासे अजून एकमेकांत मिसळतात का, हे बघायलाही तेच.

आणि डेटाबेसमधल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कावेरीतला वशिंडवाला महसीर गळ टाकणाऱ्यांना शंभराहून जास्त वर्षं माहीत होता, पण त्याचं शास्त्रीय नाव पक्कं नव्हतं. २०१८ मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून तो टॉर रेमादेवी ठरला. तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याच कावेरीत लोणावळ्याच्या वळवणहून आलेली टॉर खुद्रीची बोटुकली सोडली गेली होती. खुद्री म्हणजे साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला आपला महसीर. चांगल्या हेतूने सोडलेला मासा, पण त्या नदीचा नव्हे. म्हणून प्रत्येक नमुन्याचा ताजा असतानाच फोटो काढा, नमुना संग्रहालयात ठेवा, आणि फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी पराचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा.

गोगलगायींनी मला तीन आठवडे रडवलं. डीएनए मिळाला की नाही ते जेलवर दिसणाऱ्या पट्ट्यावरून, म्हणजे बँडवरून कळतं, आणि माझ्या जेलवर एकही बँड नाही. त्यांच्या अंगचा चिकट द्रव डीएनएबरोबर येतो आणि पीसीआर, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडवतो. शेवटी तांदळाच्या दाण्याएवढाच तुकडा घेतला, सीटॅब नावाचं रसायन वापरून डीएनए काढला, तो दहापट पातळ केला, आणि बँड दिसला. त्या दिवशी मी जेलचा फोटो आईला पाठवला होता!

शिंपल्यांची गंमत निराळी. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांत नराला बापाकडूनही मायटोकॉन्ड्रिया मिळतो आणि तो मुख्यतः त्याच्या प्रजनन ग्रंथीत असतो. दोन्हींचे सीक्वेन्स इतके वेगळे असतात की एकाच जातीच्या दोन जाती वाटाव्यात. त्यामुळे तुकडा कापताना पोटाकडे जाऊ नका, पायाच्या कडेचा स्नायू घ्या.