घर तारण ठेवून सिव्हिलचं एमएस?

सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलगा यंदा सिव्हिल इंजिनिअर झाला. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हापासून पाणी आणि सांडपाणी हाच त्याचा ध्यास. अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायचंय, खर्च ४० लाख. वडील ५३ वर्षांचे, एमआयडीसीत नोकरी, पीएफ १८ लाख, घर स्वतःचं. घर तारण ठेवून कर्ज काढावं का?

नमस्कार. मुलाचा विषय मला मनापासून आवडला. व्यवहार मात्र आवडला नाही.

तुम्ही ४० लाख म्हणताय, पण हप्ता सुरू होईपर्यंत ते ४० राहत नाहीत. व्याज १० टक्के धरा. निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला, निम्मी दुसऱ्या. शिक्षणाची २ वर्षं आणि पुढची १ वर्षाची सवलत, एवढ्यात १० लाख व्याज चढतं. मग ५० लाखांवर १० वर्षांसाठी महिना ६६ हजारांचा हप्ता. तेव्हा तुम्ही ५६ चे असाल. ५८ ला निवृत्ती, हप्ते ६६ व्या वर्षापर्यंत.

मुलगा फेडेल म्हणता, फेडेलही. पण तिथे शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तात्पुरत्या काम-परवान्यावर, ३ वर्षं काम करता येतं, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. आयटीतल्या भाचे-पुतण्यांचे पगार डोळ्यांसमोर आणू नका. सिव्हिलमध्ये आधी अनुभव, परीक्षा, मग पीई (व्यावसायिक अभियंता) लायसन्स, असा जिना चढावा लागतो. मी एकच विचारतो: तो ३ वर्षांनी परत आला तर? आज त्याच्या हातात ठेकेदाराकडची २५ हजारांची नोकरी आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो पगार चौपट झाला तरी दोन तृतीयांश हप्त्यात जाईल.

म्हणून आधी गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, पवईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. बाहेरच जायचं तर जर्मनी बघा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो लागतात). व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात, पण ते त्यालाच दरमहा खर्चाला मिळतात.

अमेरिकाच ठरली, तर असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच कामाच्या बदल्यात मिळणारी मदत, मिळाल्याशिवाय घराचे कागद हलवू नका. पीएफला हात लावायचा नाही, यावर माझी तडजोड नाही. शिकताना आणि सवलतीच्या वर्षातही व्याज भरत राहिलात तर वरचे १० लाख चढणार नाहीत. शैक्षणिक कर्जावरची प्राप्तिकरातली वजावट फक्त व्याजावर, ८ वर्षं, तीही जुन्या करप्रणालीत. तिच्या भरवशावर काही ठरवू नका. मुलाच्या नावे कर्जाएवढा टर्म विमा घ्याच.

आणि बँकेत जाण्याआधी घर पूररेषेच्या आत येतं का, ते महापालिकेत बघून या. पाणी कुठवर आलं होतं, हे बँकेचा व्हॅल्युअरही विचारू शकतो.