पाठीवर मारा, पोटावर नको

प्रश्न : पहिलंच लाकडी धनुष्य घडवतो आहे. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची फळी घेतली आहे, लांबी ६६ इंच, २८ इंच ओढीला ४० पौंड जोर हवा आहे. मोडू नये म्हणून पाठीवर काहीतरी चिकटवायचं ठरवलंय. कच्चं (न कमावलेलं) चामडं, लिनन, स्नायू (म्हणजे जनावराचं मांस हाडाला जोडणारे चिवट तंतू), बांबू यांतलं काय घेऊ? बांबू सर्वांत मजबूत असं ऐकलं, म्हणून तोच मनात आहे. एका बाहूच्या (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागाच्या) टोकाकडे लाकडाच्या रेषा कडेनं बाहेर पडतात, ते चालेल ना?

उत्तर : बांबू तूर्त मनातून काढा. रेषांचं तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलंत, पण खरा प्रश्न तोच आहे.

आधी पाठ आणि पोट. धनुष्य हातात धरल्यावर तुम्हाला दिसतं ते त्याचं पोट, समोरच्या लक्ष्याला दिसते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. रेषेच्या दिशेनं लाकूड ताण फार चांगला सोसतं, दाबापेक्षा साधारण दुप्पट. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही म्हण धनुष्याला शब्दशः लागू पडते. मग इतकी धनुष्यं पाठीकडून का मोडतात? कारण पाठीवरचे तंतू सुतारानं किंवा करवतीनं मध्येच कापलेले असतात. अखंड तंतू सहसा तुटत नाही. कापलेला तंतू टोकाशी उचकटतो, त्याचं कुसळ होतं आणि कुसळाची चिरफळी.

१५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोज’ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातून मिळालेली १७२ धनुष्यं यू झाडाची होती, आणि पाठीवर चिकटवलेलं काही नव्हतं. सालीलगतचं फिकट लाकूड पाठीवर ठेवलेलं आणि आतला गाभा पोटाकडे. निसर्गानंच चिकटवून दिलेलं पाठबळ! फळीतून घडवणाऱ्याला ही चैन नाही, म्हणून आपल्याला चामडं नि कापड आठवतं.

आता तुमची फळी. शिसपेन्सिल घ्या आणि पाठीवरची एक रेषा मुठीपासून टोकापर्यंत गिरवत न्या. शेवटच्या सहा-सात इंचांत ती कडेनं निसटत असेल तर घाबरू नका. टोकं फारशी वाकत नाहीत. पण बाहूच्या मधोमध, जिथं वाक सर्वांत जास्त, तिथंच रेषा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तिरकी जात असेल तर फळी बदला. चामड्याचे तीन थर दिले तरी ती तिरकी फाटेल, फक्त तुकडे उडून तोंडावर येणार नाहीत. फळीची कडही पाहा. तिथं रेषा पाठीकडून पोटाकडे उतरताना दिसल्या तर ते त्याहून वाईट.

बांबूला नाही म्हणतो ते अनुभवावरून. माझ्या तिसऱ्या धनुष्याला मी चेरीच्या लाकडावर बांबूची कामटी चिकटवली होती. ताणाला बांबूइतकं चिवट फार थोडं काही सापडतं, आणि तीच अडचण झाली. पाठ जराही ताणायला तयार नाही, म्हणून सगळा भार चेरीच्या पोटावर. महिनाभरानं पोटावर आडव्या, नखानं ओरखडल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. मला वाटलं कानशीच्या खुणा राहिल्या, म्हणून पॉलिशपेपरनं घासल्या. आठवड्यात परत आल्या, आणखी खोल. त्या दाबाच्या भेगा होत्या; लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडले गेले होते. दोरी काढली तरी धनुष्य दोन इंच वाकलेलंच राहायचं. ते अजून माझ्याकडे आहे, दाराला अडसर म्हणून.

बांबू शोभतो तो इपे, ओसेज ऑरेंज अशा जड, दाब सोसणाऱ्या लाकडावर. तोही मध्यभागी ३ मिलिमीटरच्या आसपास आणि टोकांकडे त्याहून पातळ. तासायचं ते आतल्या बाजूनं. बाहेरची चकचकीत बाजू आणि पेरं यांना रंधा लावायचा नाही, कारण सगळी ताकद तिथं असते. अ‍ॅशवर वापरायचाच झाला तर पाठ पोटापेक्षा अरुंद तासावी लागते, म्हणजे पोटाला सावरायला जास्त लाकूड मिळतं. पहिल्या धनुष्यावर हा खटाटोप नको. काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) ताठ पट्टीबद्दलही हेच म्हणेन.

स्नायूंचं आकर्षण मला समजतं. लाकूड जेमतेम १ टक्का ताणलं की तुटतं, स्नायू त्याच्या कित्येक पट ताणतो. सरसात भिजवून पाठीवर घातलेला थर सुकताना आकसतो आणि धनुष्याला उलटा बाक देतो. शिंगाच्या पोटाची, स्नायूंच्या पाठीची आखूड धनुष्यं यावरच उभी राहिली (विष्णूच्या धनुष्याचं ‘शार्ङ्ग’ हे नावही शृंगावरूनच, म्हणजे शिंगावरूनच, आलं आहे). आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांकडे समुद्रातून वाहून आलेले ओंडके सोडले तर लाकूड नव्हतं. त्यांनी स्नायूंच्या दोऱ्या वळून त्या पाठीवर लांबीनं बांधल्या. पण तुमच्या ६६ इंची धनुष्याला इतकं ताणायची गरजच पडत नाही. त्याला स्नायू म्हणजे नुसतं ओझं, शिवाय सुकायला कित्येक आठवडे आणि दमट हवेत ढिला.

उरलं चामडं आणि कापड. तुमच्या जागी मी असतो तर लिनन किंवा रेशीम घेतलं असतं. विणलेल्या कापडाचे निम्मे धागे आडवे जातात, म्हणून त्यानं धनुष्याला जोर येतो असं समजू नका. त्याचं काम जखमेवरच्या पट्टीचं, कुसळ उठू न देण्याचं. लिननचे सुटे धागे लांबीनं चिकटवलेत तर त्यांत थोडी ताकदही येते, पण हात आणि जमीन दोन्ही चिकट होतात. कापड आधी धुऊन खळ काढा. जुनं रेशीम असेल तर हातानं ओढून बघा. कुजलेलं रेशीम दिसायला धडधाकट असतं. सुताराचा पांढरा डिंक चालेल. डिंक लाकडावर लावा, कापड मुठीपासून टोकाकडे तळहातानं दाबत न्या, वरून पुन्हा डिंक.

पातळ कच्चं चामडं याहून दणकट, दगडावर आपटलेलंही सोसतं. पण ते ओलं करून लावायचं असतं आणि ते पाणी लाकडात शिरतं. किमान दोन आठवडे सुकू द्या, त्याआधी वाकवू नका. ओलसर लाकूड मोडत नाही, पण बाक धरतं तो कायमचा.

आणखी एक. बाहू समान वाकत नसतील, एखाद्याच जागी बिजागरीसारखे दुमडत असतील, तर ते पाठीवर काही चिकटवून सुधारत नाही. तिथलं लाकूड आधीच जास्त तासलं गेलेलं असतं. ती जागा सोडून बाकीचं तासा, आणि ४० पौंडांऐवजी ३५ वर समाधान माना.

प्रश्न : तयार धनुष्याच्या पाठीवर कुसळ उठलंय. वरून चामडं लावून वापरू का?

उत्तर : आधी दोरी उतरवा. नखानं हळूच उचकून पाहा, कुसळ किती खोल जातं ते कळेल. वरवरचं आणि छोटं असेल तर पातळ सुपरग्लू आत झिरपू द्या, सुकल्यावर त्या जागी धागा घट्ट गुंडाळा, मग हवं तर चामडं. भेग लांबीनं सरळ जाणारी असेल तर ती बहुधा निरुपद्रवी असते. तिरकी असेल तर मात्र ते धनुष्य भिंतीवर टांगा. चामड्याखाली ती दिसेनाशी होईल, आणि वाढतेय का हेही मग कळणार नाही.

प्रश्न : सापाचं कातडं लावलं तर?

उत्तर : सुंदर दिसेल. ताकदीच्या हिशेबात सरसात भिजवलेला खाकी कागद बरा. खरंच, कागद लावलेली धनुष्यंही लोकांनी वापरली आहेत. कातडं लावायचंच असेल तर लिननच्या वर लावा. काहीही चिकटवण्याआधी पाठ हलकेच घासून स्पिरिटनं पुसून घ्या आणि त्यानंतर तिला बोट लावू नका. माझं एक लिनन मुठीजवळ सुटलं, ते बरोबर अंगठ्याच्या आकाराचं.